जुनी अ‍ॅल्युमिनियमची मोटरबोट कमी पैशात दुरुस्त करायची असन तर

पैलेच सांगतो, रंगाचा डबा आत्ताच आणू नका. आमच्याकडे जो कोणी जुनी बोट घेते तो पैले रंग मारते, मग इंजिन घेते, आणि पाणी कुठून येऊन राहिलं ते पाहायले शेवटी बसते, तोवर पैसे संपलेले राहते. क्रम उलटा पाहिजे. आधी रिबिट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे खिळे, आणि चिरा, मग मागचा फळा, मग तरंगायचं सामान आणि जॅकेटं, मग इंजिन. रंग मधात कुठंतरी येते, पण खर्चाचा विचार करताना त्याले शेवटीच ठेवा.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर आमच्या वावराच्या बांधापर्यंत येते. इकडे ज्याच्या त्याच्याकडे लाकडाचा नाही तर फायबरचा डोंगा, म्हणजे छोटी नाव, आहे, अ‍ॅल्युमिनियमची मोटरबोट गावात कोणाकडेच नव्हती. मले ती भेटली नागपूर रोडवरच्या एका कबाड्याकडे, पालथी पडून होती, खाली कुत्री व्यायलेली. चौदा फुटी, पूर्ण रिबिट मारलेली, मागचा फळा सडलेला, इंजिन नाही. काट्यावर लावली तर ११२ किलो भरली आणि भंगाराच्या भावानं, १७० रुपये किलोनं, १९,०४० रुपयात दिली. त्यानंतर तीन महिने रविवार आणि सांजचा वेळ घातला. बोट, ट्रॅक्टर-ट्रॉलीचं भाडं, दुरुस्ती, रंग, जॅकेटं सगळं धरून ४६,७४० रुपये लागले आणि इंजिनाचे वेगळे ४८,५००. नव्या बोटीच्या मानानं हे कमीच आहे, आणि यातही मी दोन ठिकाणी उगाच पैसे घालवले ते खाली सांगतोच.

घेतानाच काय पाहायचं

पोचे पाहून घाबरू नका. अ‍ॅल्युमिनियमले पोचा पडतेच, तो लाकडी हातोडीनं बराचसा निघते आणि नाही निघाला तरी बोट चालते. भ्यायचं ते चिरेले. मागच्या फळ्याचे दोन्ही कोपरे, बरगड्या पत्र्याले जिथं टेकतात ती जागा, आणि खालच्या मधल्या कण्याचा पुढचा भाग जो रेतीवर घासते, या तीन जागी बॅटरी लावून, बोट फिरवून पाहा. मग भर दुपारी बोट पालथी करून तिच्या खाली घुसा. जिथं भोक आहे तिथून उन्हाचा ठिपका आत दिसते, डोळ्याले आपोआप सापडते. कुठं पांढरी भुकटी साचलेली दिसली तर नखानं नाही तर स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडा, खाली नुसता खड्डा असन तर चालते, टोक आरपार जात असन तर तो तुकडा बदलावा लागते. अशा जागा दोन-तीन असल्या तर घ्या, पूर्ण तळ तसा असन तर भांडेवाल्यालेच जाऊ द्या.

कबाड्याकडून बिल घ्याच, साध्या कागदावर का होईना, पण नाव-तारीख-सही असलेलं. पुढं कागदपत्रात लागते.

पाणी बाहेर नाही, आत भरायचं

गळती शोधायची पद्धत सोपी आहे पण लोकं करत नाही. बोट दोन लाकडी घोड्यांवर (स्टँडवर) सरळ ठेवा, आणि घोड्या भक्कम पाहिजे, मी तर रेतीची पोती भरून खालून चार जागी आधार दिला होता, कारण चौदा फुटी बोटीत चार इंच पाणी म्हटलं तरी तीन-साडेतीनशे लिटर होते म्हणजे तेवढेच किलो, आणि जमिनीवर उभ्या बोटीले बाहेरून पाण्याचा आधार नसते. चार इंचाच्या वर भरू नका, काठोकाठ तर अजिबात नाही, तळाच्या शिवणी उघडतात. पाणी भरायच्या आधी खालचा पत्रा कोरडा पुसून घ्या.

मी मोटर लावून पाणी भरलं आणि सांजी, ऊन उतरल्यावर, बॅटरी घेऊन खाली लोळलो. पैले पाच मिनिट काहीच नाही. मले वाटलं बोट चांगलीच आहे. मग एका रिबिटाच्या डोक्याच्या कडेले ओल आली, नुसती ओल, पत्रा थोडा काळा दिसला, मग त्याचा थेंब झाला, थेंब मोठा झाला, लोंबला आणि माझ्या मानेवर पडला. तोवर शेजारच्या रांगेत तीन थेंब तयार. कण्याच्या दोन्ही बाजूच्या रांगा, तिथं तर माळ लागली होती. पोट्ट्याच्या शाळेचा परमनंट मार्कर घेतला आणि जिथं थेंब तिथं गोल करत गेलो. धार लागली तिथं दोन गोल. अर्ध्या घंट्यात ६४ गोल झाले. मग रात्रभर पाणी तसंच ठेवलं, सकाळी अजून नऊ भेटले जे हळू गळत होते. म्हणून रात्रभर ठेवाच, आणि घाई करून दिवसा उन्हात करू नका, थेंब सुकते आणि दिसत नाही.

रिबिट

इथं माझे पैले पैसे वाया गेले. बाजारातून पुटी आणली, दोन भाग मळून लावायची ती, आणि सगळ्या गोलांवर आतून थापली. पैल्या चाचणीत एक थेंब नाही. पण रिबिट आतून ढिलाच होता, बोट पाण्यावर आपटली की तो हलते आणि वरची पुटी तडकते. महिनाभरात अर्ध्या जागा पुन्हा गळायले लागल्या, आणि ती सगळी पुटी खरवडायचं काम डोक्यावर बसलं ते वेगळंच. ढिला रिबिट आधी आवळायचा, मग वरून सीलंट, म्हणजे फट बुजवायचा चिकट मसाला, याले दुसरा उपाय नाही.

आवळायचं कसं ते मले एसटीच्या बॉडीचं काम केलेल्या एका रिटायर काकांनी शिकवलं. आपली जुनी लाल गाडी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचीच राहायची, रिबिटावर रिबिट, आणि आपल्याकडे हिंगण्याले एसटीचं मोठं वर्कशॉप आहे, त्यामुळे नागपूर-भंडाऱ्याकडे रिबिटाचा हात असलेले जुने मिस्त्री अजून सापडतात. बोटीचा मिस्त्री इथं कुठून भेटणार, पण बसच्या बॉडीचा मिस्त्री शोधा, ज्ञान तेच आहे.

काम दोन माणसांचं आहे. एक जण बाहेरून रिबिटाच्या डोक्यावर जड लोखंड दाबून धरते, आम्ही रेल्वेच्या पटरीचा हातभर तुकडा घेतला होता, लोहाराकडून आणलेला. दुसरा आतून रिबिटाच्या शेपटीवर साध्या हातोडीनं बारीक बारीक ठोके मारते. जोरात नाही. काका म्हणाले, हातानं नको कानानं ठोक. ढिल्या रिबिटाचा आवाज भद्द येते, फुटक्या मडक्यासारखा, आणि पाच-सहा ठोक्यात तो बदलत बदलत टण्णकन वाजते, तिथं थांबायचं. अजून एक ठोका मारला तर पत्रा ताणते आणि शेजारचे रिबिट ढिले होतात. ६४ अधिक ९ म्हणजे ७३ पैकी ५८ असेच आवळून निघाले, एक रुपया खर्च न करता.

राहिलेले १५ बदलावे लागले. जुन्याचं डोकं ड्रिलनं काढायचं, पण भोक मोठं होऊ द्यायचं नाही. नवा भरीव अ‍ॅल्युमिनियमचाच रिबिट, भोकाच्या मापाचा, आणि आत निघालेली शेपटी त्याच्या जाडीच्या दीडपट पाहिजे, म्हणजे ४.८ मिमीचा रिबिट असन तर सात मिमीच्या आसपास. त्यापेक्षा लांब असली तर वाकते, कमी असली तर धरत नाही. बसवायच्या आधी भोकात थोडं सीलंट. जिथं आत हात पोचतच नाही, सीटच्या पेटीखाली वगैरे, तिथं पॉप रिबिट चालते पण तो बंद तोंडाचा घ्या. हार्डवेअरवाला जो साधा देते तो मधातून पोकळ राहते आणि त्याची तार लोखंडाची, पाणीही येते आणि गंजही धरते.

सीलंट पॉलियुरेथेनचं, बोटीच्या किंवा बस-ट्रकच्या बॉडीच्या कामाचं. सिलिकॉन नको, काचेले लावते ते. एक तर त्याच्यावर रंग कधीच धरत नाही, आणि ज्याचा वास व्हिनेगरसारखा येते ते तर धातूलेच खाते. लावायच्या आधी जागा घासून थिनरनं पुसा, कोरडी होऊ द्या, मग लावा आणि डब्यावर लिहिलं तेवढे दिवस हात लावू नका. मग पुन्हा पाणी भरून पाहा. आमचे दुसऱ्या वेळी फक्त चार गोल आले.

चिरा असल्या तर

चिरेच्या दोन्ही टोकांले तीन मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढं सरकत नाही. मग वेल्डिंग. गावातला वेल्डर म्हणन मी करतो, त्याले करू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियम ६६० डिग्रीले वितळते पण त्याच्यावरचा ऑक्साईडचा पापुद्रा २००० डिग्रीच्या वर, म्हणजे वरची साल तशीच राहते आणि आतला पत्रा पाणी होऊन खाली पडते. त्याले टिग वेल्डिंग पाहिजे, एसी करंटवर, आर्गॉन गॅस लावून. नागपूरले बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीत करणारे भेटतात. बोटीचा पत्रा बहुतेक ५०५२ नाही तर ५०८३ ग्रेडचा राहते, त्याले ५३५६ ची सळई लागते हे वेल्डरले विचारून घ्या, त्याले हा नंबर माहीत असन तर समजा माणूस कामाचा आहे. माझी फक्त एक चीर होती, पाच इंची, कोपऱ्यात. १,२०० रुपये घेतले. वेल्डिंगच्या आधी सीट खालचा फोम आणि सीलंट काढून टाका, पेटतात.

मागचा फळा

बोटीच्या मागच्या भिंतीले ट्रान्सम म्हणतात, इंजिन त्याच्यावर टांगते. बाहेरून पत्रा दिसते पण आत प्लाय राहते आणि तो सडलेला असते हे नव्वद टक्के धरूनच चाला. स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा, लोण्यासारखा गेला तर झालं. हातानं फळा मागं-पुढं ओढून पाहिला आणि लवला तरी झालं. सडलेल्या फळ्यावर इंजिन लावू नका, पूर्ण ताकदीवर असताना फळा तुटला तर इंजिन पाण्यात जाते आणि सोबत बोटीची मागची बाजू उघडी पडते.

जुना फळा काढताना तुकडे झाले तरी ते जुळवून कागदावर माप उतरवून घ्या. प्लाय घ्यायचा तो आयएस ७१० छाप असलेला मरीन प्लाय, दुकानदार ३०३ दाखवून वॉटरप्रूफच आहे म्हणन, तो नको. १९ मिमीच्या दोन पाट्या एपॉक्सीनं, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या पक्क्या गोंदानं, एकमेकीले चिकटवून ३८ मिमीचा फळा होते. चिकटवून रात्रभर वजन ठेवायचं, आम्ही धानाची पोती ठेवली होती. मग कापून, भोकं पाडून, सगळ्या बाजूनं एपॉक्सीचे तीन हात, आणि सगळ्यात जास्त कडांले, कारण प्लाय पाणी पिते ते कडेनं. बोल्टाची भोकं मोठी पाडायची, एपॉक्सीनं भरायची आणि सुकल्यावर त्यात बरोबर मापाचं भोक पुन्हा पाडायचं, म्हणजे बोल्टाजवळून पाणी लाकडात जात नाही. हे किचकट वाटते पण जुना फळा नेमका बोल्टाच्या भोकांपासूनच सडलेला होता, मी पाहिला.

आपल्याकडे सागवान चांगलं भेटते म्हणून लोकं म्हणतील सागवानाचीच फळी टाक. टिकते बरोबर आहे, पण एकाच दिशेची नस असलेली फळी इंजिनाच्या ओढीनं नसेवर चिरते, प्लायमध्ये थर आडवे-उभे राहतात म्हणून तो धरते.

पितळ, तांबं, लोखंड दूर ठेवा

आमच्या भागात हे मुद्दाम सांगावं लागते कारण भंडारा म्हणजे पितळेचं गाव. कोणाच्याही घरी पितळेचे स्क्रू, पितळेच्या कड्या, बिजागऱ्या पडलेल्या राहतात आणि बोटीले शोभतेही. पण अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ एकमेकाले टेकले आणि वरून पाणी आलं की ती बॅटरीच तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते. माझ्या बोटीत कोणीतरी पितळेचं कडं लावलेलं होतं, ते काढलं तर त्याच्या खाली बरोबर कड्याच्या आकाराचा पांढरा खड्डा, बोटानं दाबलं तर पत्रा चुरमुऱ्यासारखा मोडला. बाकी बोटीच्या पत्र्याले तीस-चाळीस वर्ष काही होत नाही आणि दोन इंचाचं कडं त्याले खाऊन टाकते.

म्हणून नट-बोल्ट स्टेनलेसचे घ्या आणि प्रत्येकाच्या खाली नायलॉनचा वायसर नाही तर सीलंटचा थर द्या. तांब्याच्या वायरचं उघडं टोक तळात पडू देऊ नका. बोटीत पडलेलं एखादं नाणं, लोखंडी खिळा, रोज उचला. आणि मरीन प्लायले किड्याचं औषध मारलेलं राहते, त्यात तांबं असू शकते, म्हणून तो एपॉक्सीत पूर्ण बंद केल्याशिवाय उघड्या पत्र्याले टेकवू नका.

घासणं आणि रंग

आमच्या घरी बाया अ‍ॅल्युमिनियमले जर्मनच म्हणतात आणि जर्मनचा गंज राखेनं किंवा सोड्यानं घासतात. बोटीले ते करू नका. कॉस्टिक सोडा तर चुकूनही नाही, तो अ‍ॅल्युमिनियम खाते आणि खाताना हायड्रोजन सोडते जो पेटते. संडास साफ करायचं अ‍ॅसिडही नाही. साबणाचं पाणी, आणि पाण्याचे पांढरे डाग असतील तर पाणी घातलेलं व्हिनेगर, बस. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे कण पत्र्यात घुसतात आणि पुढं तिथं गंजाचे ठिपके येतात. जुना रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं, मग १२० नं. जुन्या रंगाच्या खाली पिवळा-हिरवट थर दिसला तर तो झिंक क्रोमेट असू शकते, विषारी आहे, पाणी मारून ओलाच घासा आणि चांगला मास्क लावा, पोरांले जवळ येऊ देऊ नका.

बाहेरून रंग नाही मारला तरी अ‍ॅल्युमिनियमची बोट गोड्या पाण्यात चालते, ही गोष्ट पेंटवाला सांगणार नाही. पैसे कमी असतील तर आतून फक्त प्राइमर आणि बाहेर तसंच सोडा. मारायचाच असन तर प्राइमरमध्ये कंजूषी करू नका. घासलेल्या पत्र्यावर ऑक्साईडचा थर लगेच चढायले लागते, म्हणून घासा, थिनरनं पुसा आणि त्याच दिवशी प्राइमर मारा. टू-पॅक एपॉक्सी प्राइमर मी वापरला. दरवाज्या-खिडक्यांचा रेड ऑक्साईड लोखंडासाठी आहे, तो इथं नको. शेवाळ धरू नये म्हणून समुद्रातल्या बोटींले तांब्याचा रंग मारतात, तो तर मुळीच नको, कारण वर सांगितलं तेच.

वेळ पाहून मारा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पत्र्याले हात लावता येत नाही, रंग ब्रशमध्येच सुकते आणि दाणे पडतात. पावसाळ्यात ओल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरोबर, पण तेव्हा रात्री दहा डिग्रीच्या खाली जाते आणि सकाळी दव राहते, म्हणून दहा वाजता सुरू करून तीनच्या आत उरका. वरचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मी ट्रॅक्टरचे रंग ठेवते त्या दुकानातून घेतला, ब्रशनं मारला. स्प्रे करायचा असन तर त्याचे कण छातीत जातात, साध्या रुमालानं काही होत नाही.

माझे दुसरे वाया गेलेले पैसे इथले. मी आतली फळी १२ मिमीच्या प्लायची केली, ओली झाली की घसरगुंडी, शेवटी काढली आणि बसच्या पायरीले राहते ती अ‍ॅल्युमिनियमची चेकर्ड शीट टाकली. पैलेच ती टाकली असती तर बरं झालं असतं.

तरंगायचं सामान

सीटच्या खालचा जुना फोम हातानं उचलून पाहा. पाणी पिलेला फोम इतका जड राहते की विश्वास बसत नाही, माझ्या बोटीतून जो निघाला तो वाळवायले ठेवला तर आठवडाभर पाणी सोडत होता. तो काढाच. नवीन फोम महाग पडला म्हणून मी २० लिटरच्या झाकण सीलबंद केलेल्या रिकाम्या कॅना सीटच्या पेटीत घट्ट बांधल्या. एक कॅन साधारण वीस किलोले तारते. हिशोब असा करा: पत्रा पाण्यात बुडाला की त्याचं वजन साधारण ६३ टक्केच राहते, म्हणजे ११२ किलोच्या बोटीचे ७० किलो, अधिक इंजिनाचे ३५-४०, अधिक पाण्यात पडलेली माणसं तिले धरून राहतील त्यांच्यासाठी काही. मी सात कॅना बसवल्या, १४० किलो. अर्ध्या मागं, कारण इंजिन तिकडे आहे. साधं थर्माकोल टाकू नका, पेट्रोल सांडलं की ते विरघळते.

आणि जॅकेटं, माणसागणिक एक, लहान पोरांचं वेगळं. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायले निघालेल्या बायांचा डोंगा वैनगंगेत उलटला आणि सहा जणी गेल्या. त्या दिवसापासून आमच्या घरी नियम आहे की जॅकेट नाही तर बोटीत पाय नाही, पाहुणा असला तरी. चार जॅकेटं आणि कॅना मिळून पाच हजार लागले आणि हाच एक खर्च मी कुठं कापता येते का म्हणून पाहिला नाही.

इंजिन

मी जुनं टू-स्ट्रोक ९.९ एचपीचं घेतलं, ४२,००० ले, आणि ६,५०० दुरुस्तीले. चौदा फुटीले दहा एचपी भरपूर होते. घ्यायच्या आधी दोन्ही सिलेंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून पाहा, आकडा दोघांचा जवळपास सारखा पाहिजे, दहा टक्क्यापेक्षा जास्त फरक असन तर सोडून द्या. खालचा स्क्रू काढून गिअर ऑइल पाहा. दुधासारखं पांढरट निघालं म्हणजे सील गेलं, पाणी आत येऊन राहिलं. माझ्यात तसंच होतं, म्हणून किंमत उतरवून घेतली आणि सील बदललं. नवं ऑइल भरताना खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे हवा अडकत नाही.

पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारा पंखा, न पाहता नवा टाका. तो काही शे रुपयांचा आहे आणि तो गेला तर इंजिन जाम. घरी चालवून पाहायचं तर पाण्याच्या ड्रममध्ये, कोरडं एक मिनिटही नाही. चालू असताना मागून बारीक धार पडते ती दिसली पाहिजे, ती बंद झाली की लगेच बंद करा. आपल्या बॅकवॉटरमध्ये याची जास्त काळजी घ्यावी लागते. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत गोसीखुर्दले येते, त्यावर जलपर्णी माजते आणि तिची मुळं इंजिन पाणी ओढते त्या जाळीत अडकतात. मी जलपर्णीतून जावंच लागलं तर इंजिन उचलून वल्ह्यानं जातो आणि पलीकडे गेल्यावर जाळी हातानं साफ करून मगच सुरू करतो.

तेल मोटरसायकलचं टूटी (टू-स्ट्रोकचं) टाकू नका, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं बोटीचं घ्या, ५० ले १, म्हणजे लिटरमागे २० मिली. पेट्रोल आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं, ते पाणी ओढते आणि जुने रबरी पाइप खाते. पाइप नवे टाका, आणि बोट पंधरा दिवस उभी राहणार असन तर पेट्रोलचा पाइप काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्बोरेटर रिकामं होते, अर्थातच ड्रममध्ये.

फळ्याची उंची आणि इंजिनाचा दांडा जुळला पाहिजे, १५ इंची फळ्याले शॉर्ट, २० इंचीले लाँग. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या बरोबर नाही तर एक इंच खाली यायले पाहिजे. इंजिन बंद करायची दोरी मनगटाले बांधायची सवय लावून घ्या, बुडालेल्या गावांची झाडं अजून पाण्याखाली उभी आहेत, त्यावर आपटून माणूस बाहेर फेकला जाते आणि बोट चालू राहते.

पाण्यात उतरवायच्या आधी

मोटर लावली की ती बोट इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट २०२१ मध्ये येते, नोंदणी आणि तपासणी लागते. पाटबंधारेवाल्यांची परवानगी, आणि मासे धरायचे असतील तर तिथल्या मच्छीमार संस्थेशी आधी बोला, पाणी त्यांनी ठेक्यानं घेतलेलं राहते आणि त्यांचं पोट त्यावर आहे, इंजिनाच्या पंख्यानं कोणाचं जाळं फाटलं तर भांडण करू नका, नुकसान भरून द्यायची तयारी ठेवा.

पैल्या दिवशी इंजिन न लावता उतरवा, काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात. दोन माणसं बसून एका बाजूले सरका, मग दुसऱ्या, मग दोघं मागं. बाटली कापून पाणी काढायचा डबा सोबत ठेवा. अर्धा घंटा तशीच राहू द्या, मग चेकर्ड शीट उचलून तळ पाहा. पुढच्या खेपेले इंजिन लावून अर्ध्या वेगानं एक घंटा, आणि काठावर आल्यावर ट्रान्समचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नवा प्लाय दबते आणि बोल्ट एक-दीड आटा ढिले होतातच.

आम्ही उतरवली ती एका शुक्रवारी सकाळी, धुवारी होती, पलीकडचा काठ दिसत नव्हता. काका पुढं बसले होते, मी मागं. घंट्याभरानं शीट उचलली, तळात वाटीभर पाणी होतं. कोरडं पुसून पुन्हा पाहिलं तर कण्याच्या डाव्या बाजूचे दोन रिबिट ओले. काकांनी खिशातून मार्कर काढला आणि दोघांभोवती गोल केले.